नावातला आवाज धरा : गोव्यात कानाने पक्षी-प्राणी ओळखायला शिकताना

गोव्याच्या रानात पक्षी आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. पुष्कळदा दिसतच नाही. मोले, नेत्रावळी, खोतीगाव इथली झाडी इतकी दाट आहे की नुसती दुर्बीण घेऊन गेलेला माणूस तासाभरात मान अवघडून परत येतो. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, तर शेंड्यावर काय बसलंय ते खालून कळणं कठीणच. म्हणून सुरुवात कानाने करावी. त्यासाठी फुकटात मिळणारं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे आपल्या भाषेतली नावं. टिटवी, कुटुर्गा, हुप्प्या, वटवट्या ही नावं ज्यांनी ठेवली त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, त्यांनी जे ऐकलं तेच नाव केलं.

अडचण एवढीच की सगळी नावं अशी नाहीत. काही नुसती आवाजासारखी वाटतात आणि नवशिक्याला भलत्याच वाटेला लावतात.

काय काय लागेल

- खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात शाई पसरते, पेन्सिल टिकते.
- सेकंद दाखवणारं घड्याळ. मोबाइलचं चालेल, पण दर वेळी पडदा उजळतो आणि डोळे दिपतात. पहाटे हातातलं घड्याळ बरं.
- ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल. वेगळा माइक सुरुवातीला घेऊ नका.
- आवाजावरून पक्षी सुचवणारं मर्लिन हे अॅप. ते फुकट आहे. भारताचा पॅक घरूनच उतरवून घ्या, कारण घाटात आणि अभयारण्यात रेंजचा भरवसा नाही.
- दुर्बीण असल्यास ८×४२. नसली तरी पहिले दोन महिने काही अडत नाही.
- ओळखपत्र आणि सुटे पैसे. अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क असतं, कॅमेऱ्याचं वेगळं. साप्ताहिक सुट्टी आणि वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.
- घोट्याच्या वर जाणारे बूट. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, फुरसं हा विषारी साप असतो, आणि कान वर लागलेले असताना पायाखाली बघायचं राहून जातं.

१. आधी नावं चाळून घ्या

घरी बसून करायचं काम आहे, पण टाळू नका. माहीत असलेली पंचवीस-तीस नावं वहीत लिहा आणि चार गटांत वाटा.

पहिला गट सरळ नकलेचा. कावळा, टिटवी, कुटुर्गा, कोकीळ, तित्तिर. पक्षी जे बोलतो तेच थोडं घासूनपुसून नाव झालं. हा गट सगळ्यात उपयोगी, कारण नाव आठवलं की आवाज आपोआप आठवतो.

दुसरा गट आवाजाच्या वर्णनाचा. तांबट तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा ठोकतो, वटवट्या वटवट करतो, शीळकरी कस्तुर शीळ घालतो. इथे नाव आवाजाची जात सांगतं, अक्षरं सांगत नाही. ‘तांबट, तांबट’ असा आवाज शोधत बसलात तर आयुष्यात सापडणार नाही.

तिसऱ्या गटात लोकांनी पक्ष्याच्या तोंडी घातलेलं वाक्य येतं. पावशाचं ‘पेर्ते व्हा’ सगळ्यांना माहीत आहे. हाच पक्षी हिंदीत ‘पी कहाँ’ विचारतो, बंगालीत ‘चोख गेलो’ म्हणून डोळ्याच्या नावाने रडतो आणि इंग्रजांना तो ‘ब्रेन फीवर’ असं ओरडताना ऐकू आला. चारही भाषांतले शब्द वेगळे, पण एकामागून एक म्हणून बघा: ठेका एकच. ऐकायचा तो हा ठेका.

चौथ्या गटातल्या नावांचा आवाजाशी काही संबंध नाही. सातभाई संख्येवरून, शिंपी घरट्याच्या शिवणीवरून, हळद्या आणि नवरंग रंगावरून, पिंगळाही रंगावरूनच. पावशा हे नावसुद्धा खरं तर ऋतूवरून आलेलं. आवाज त्याच्या वाक्यात आहे, नावात नाही.

चिमणी कुठे टाकायची? ‘चिवचिव’ आणि ‘चिमणी’ जवळचे वाटतात, म्हणून बहुतेक जण पहिल्या गटात टाकतात. पण ‘चिमणी पावलं’ म्हणताना आपण लहान पावलं म्हणतो, आवाज करणारी नाही. अशा नावापुढे प्रश्नचिन्ह घालून पुढे जा. हा वाद जुनाच आहे. प्राचीन काळी शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात ‘काक’ ही शब्दाची नक्कल आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ आढळतं असं म्हटलं, आणि तिथेच औपमन्यवाचं उलट मतही नोंदवलं की नक्कल वगैरे काही नसते. त्यामुळे एखाद्या नावावर तुमचं आणि मित्राचं जमलं नाही तर फार मनाला लावून घेऊ नका.

२. ठिकाण आणि महिना ठरवा

सुरुवात अभयारण्यातून करू नका. तिथे एका वेळी पंधरा आवाज येतात आणि नवा माणूस गांगरतो. घरामागचं कुळागर, गावची तळी, शेताचा बांध यांपैकी एक जागा धरा आणि निदान महिनाभर तिथेच जा. वेळ उजाडण्यापूर्वी अर्धा तास ते उजाडल्यावर दीड तास. संध्याकाळ पहाटेच्या निम्मीसुद्धा बोलत नाही.

महिन्यांचं गणित ढोबळमानाने असं:

- जानेवारी ते मार्च : कुटुर्गा जोरात असतो, तांबट सुरू होतो. शिकायला सगळ्यात सोपा काळ, कारण बाकी गोंगाट कमी.
- एप्रिल, मे : कोकीळ, पावशा, सड्यावर टिटवी. पण दुपारी रानात सिकाडा हा किडा इतका कर्कश होतो की त्याच्याखाली सगळे आवाज बुडतात. नऊच्या आत काम उरका.
- जून ते सप्टेंबर : बेडूक, पाणकोंबडी, व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) शीळकरी कस्तुर.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी : पाहुणे पक्षी येतात. करमळीच्या तळ्यावर दिसायला भरपूर, नावावरून ओळखायला थोडं. यातला नवरंग मात्र लक्षात ठेवा. तो उजाडताना आणि मावळताना ठरल्या वेळी दोन सुरांची शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताची चिमणी’ अशा अर्थाचं नाव आहे.

खारफुटीतले आवाज ऐकायचे तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा. तिथलं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १७८ हेक्टरचं आहे, एका सकाळीत फिरून होतं. पण हे दुसऱ्या टप्प्यात.

३. दोन, तीन, चार

आता खरा अभ्यास. कोकिळांच्या कुळातले तीन पक्षी गोव्यात ऐकू येतात आणि ते अक्षरं मोजून वेगळे करता येतात.

*दोन : कोकीळ.* ‘कु-ऊ, कु-ऊ’. दुसरं अक्षर वर चढतं. प्रत्येक ‘कु-ऊ’ आधीच्यापेक्षा थोडं उंच आणि मोठं होत जातं, मग एकदम बंद. पुन्हा खालून सुरुवात. कोकणीत याला कोगूळ म्हणतात, त्यातही तोच ‘को-ऊ’ आहे. गाणारा असतो तो काळा नर. कवितेतली ‘कोकिळा’ गात नाही. ठिपक्याठिपक्यांची मादी ‘किक-किक-किक’ असं घाईघाईने ओरडत झाडातून निसटते. हा दुसरा आवाज नवखे लोक हमखास भलत्याच पक्ष्याच्या नावावर मांडतात. तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोकिळेच्या पानावर दोन ओळी ठेवा, एक नराची आणि एक मादीची.

*तीन : पावशा.* ‘पेर्-ते-व्हा’. मधल्या अक्षरावर जोर. हाही चढत जातो, पाच-सहा वेळा म्हणतो आणि सूर फाटेपर्यंत वर नेऊन मध्येच तोडतो. ढगाळ हवेत आणि चांदण्या रात्री तासन्‌तास चालू राहतो. कोकीळ आणि पावशा दोघंही चढतात, त्यामुळे नुसतं ‘चढत जाणारा आवाज’ असं वहीत लिहिलंत तर आठवड्याने तुम्हालाच काही कळणार नाही. अक्षरं मोजून आकडा लिहा.

*चार : भारतीय कोकीळ.* हा गावात नाही, रानाच्या कडेला. चार सूर, शांत, न चढणारे. कुमाऊँमध्ये तो ‘काफल पाको’ म्हणतो, बंगालमध्ये ‘बोउ कोथा कोओ’ म्हणजे सूनबाई, बोल ना. आपल्याकडे त्याच्या तोंडी रूढ वाक्य नाही. तुम्हीच चार अक्षरांचं एक बनवा. ‘चहा दे गो’ चालेल. स्वतः बनवलेलं वाक्य पुस्तकातल्यापेक्षा जास्त टिकतं, फक्त ते वहीत अवतरणात लिहा, नाहीतर पुढे ते ‘गावातलं पारंपरिक नाव’ म्हणून कुणीतरी पुढे ढकलेल.

४. तांबट आणि कुटुर्गा : लय मोजायला शिका

मोजण्याच्या सरावासाठी तांबटाइतका चांगला गुरू नाही. वड, पिंपळ, उंबर फळांवर आले की तो तिथे असतोच. ‘टुक, टुक, टुक’ हलक्या आवाजात सुरू करतो, मग एका पट्टीवर आणि एका वेगावर स्थिरावतो. हा वेग मिनिटाला साधारण १०८ ते १२१ ठोके असतो. घड्याळावर १५ सेकंद लावा: २७ ते ३० ठोके आले तर तांबट. घाटातल्या रानात गळा-तोंड लाल असलेला मलबारी तांबट असतो, त्याचा ठोका याच जातीचा पण जलद. मोजणी ३० च्या बरीच वर गेली आणि तुम्ही मोल्याच्या बाजूला असाल, तर त्याचा विचार करा.

तांबट शोधताना एक गोष्ट फसवते. आवाज आत्ता उजवीकडून येतो, घटकाभराने डावीकडून, आणि वाटतं दोन पक्षी आहेत. पक्षी एकच असतो. तो ठोकताना मान फिरवत राहतो. दुर्बिणीतून नीट पाहिलंत तर दिसेल की ठोक्याच्या वेळी त्याची चोच मिटलेली असते; गळ्याची त्वचा फुगते आणि बसते. त्यामुळे ‘चोच उघडतोय तो कोण’ असं शोधलंत तर बरोबर तोच सुटतो. पालवी नसलेल्या उंच काडीवर हिरवा गोळा शोधा, छातीवर लाल पट्टा.

कुटुर्गा मात्र नावाप्रमाणे बोलतो: ‘कुटुर, कुटुर, कुटुर’. सुरुवातीला एक घरंगळता ‘ट्रर्र’ आणि मग न थांबता. एक बोलला की पलीकडच्या फणसावरून दुसरा उत्तर देतो, मग तिसरा. काही मिनिटांत अख्खं कुळागर कुटुरतं. गोव्यात बहुतेक वेळा हा पांढऱ्या गालांचा कुटुर्गा असतो, जो पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलाच. देशावरून आलेल्यांनी इथे सांभाळावं, कारण कोरड्या मुलखातला तपकिरी डोक्याचा त्याचा भाऊबंद जवळजवळ तेच म्हणतो. या जोडीत कानावर विसंबू नका, गाल बघूनच लिहा.

५. टिटवी : आवाज ऐकला की थांबा

‘टिट्-टि-टिव, टिट्-टि-टिव’. संस्कृतात टिट्टिभ, आपल्याकडे टिटवी, इंग्रजीत ती ‘डिड ही डू इट’ विचारते. ओळखायला कष्ट नाहीत, म्हणून हिच्याबद्दल ओळखीपेक्षा वागणुकीचं सांगतो. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते, बहुधा चार, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. उन्हाळ्यात सड्यावर किंवा मोकळ्या शेतात ती तुमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात. आल्या पावली मागे फिरा, जमिनीकडे बघत. रेकॉर्डिंग चांगलं येतंय म्हणून तिथेच उभं राहणं म्हणजे तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी ठेवणं.

सड्यावर चोचीजवळ पिवळी कातडी लोंबणारी माळटिटवीही भेटते. तिचा आवाज एकेरी, बारीक ‘टी-ई’. ‘टिव’चा शेवटचा ठसका त्यात नसतो.

६. ‘हूप’चा घोळ

पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त चुकीच्या नोंदी या एका आवाजापायी होतात. गोव्यात ‘हूप’ किंवा ‘हुम’ म्हणणारे निदान तिघे आहेत.

भारद्वाज, ज्याला कोकणपट्टीत कुक्कुडकोंबाही म्हणतात, झुडपात खाली बसून ‘ऊप-ऊप-ऊप-ऊप’ अशी लांब माळ लावतो. सूर खोल, घुमणारा, एका लांबीचे तुकडे. बरेचदा दुसरा त्याच्यावर वेगळ्या पट्टीत साथ धरतो. जोडीतली मादी खालच्या सुरात असते. नावातल्या ‘कुक्कुड’मुळे लोक ‘कुक-कुक’ ऐकायला बसतात. ते सोडा, ‘ऊप’ धरा.

वानराचा नर सकाळी झाडाच्या टोकावरून ‘हूप’ करतो. त्याला हुप्प्या म्हणतात ते यावरूनच, आणि रामकथेतल्या वानरांचा ‘भुभुःकार’ही याच्याच जवळचा. हा आवाज मोठा, दूरवर जाणारा, दोन हाकांत मोकळी जागा ठेवणारा असतो आणि सोबत फांद्या मोडल्याचा, उड्या मारल्याचा आवाज असतो. घशातून खाकरल्यासारखा ‘खॅक’ आला तर ती धोक्याची सूचना; खाली काहीतरी फिरतंय. गावात दिसणारं लाल तोंडाचं माकड वेगळं, ते हूप करत नाही.

तिसरं हुमा घुबड. नदी-व्हाळाकाठच्या मोठ्या झाडावर, अंधारात, ‘हुम्… हुम्’. हवेपेक्षा छातीत जास्त जाणवणारा सूर.

मग ओळखायचं कसं? तीन प्रश्न, याच क्रमाने: आवाज जमिनीलगत की शेंड्यावर? सलग माळ की सुटे तुकडे? उजेड की अंधार? खाली-सलग-उजेड म्हणजे भारद्वाज. वर-सुटे-उजेड म्हणजे हुप्प्या. वर-सुटे-अंधार म्हणजे घुबड. या चौकटीत न बसणारं काही ऐकलंत तर प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. वहीत प्रश्नचिन्हं असणं चांगलं लक्षण आहे.

७. नकलाकारांपासून सावध

भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके असलेला काळा पक्षी, हा रानातला पक्का नकलाकार. गरुडापासून सातभाईंपर्यंत कुणाचाही आवाज काढतो. साधा कोतवालही शिक्र्याची नक्कल करतो. हरेवा दिसायला पानासारखा आणि ऐकायला आणखी तिसराच कुणीतरी.

नक्कल ओळखायची खूण अशी की एकाच फांदीवरून दोन मिनिटांत चार जातींचे आवाज आले आणि मध्येमध्ये धातूसारखी खणखण मिसळली, तर तो भृंगराज. मूळ पक्षी एकच गोष्ट परत परत म्हणतो, नकलाकाराला तेवढा धीर नसतो. मर्लिन अॅप इथे सपशेल फसू शकतं, कारण ते आवाज ऐकतं, फांदी बघत नाही. अॅपने दाखवलेलं नाव म्हणजे सूचना समजा. अक्षरं, लय, जागा जुळल्याशिवाय ते वहीत पक्कं करू नका.

८. रात्र आणि पहिला पाऊस

अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही, म्हणून हा अभ्यास गावातच. त्यासाठी गाव पुरेसं आहे.

घुबडांना कोकणीत सरसकट घुगूम म्हणतात आणि नावातच घुत्कार आहे, पण घराजवळचा पिंगळा घुमत नाही. तो ‘चिर्र-चिर्र, चुक-चुक’ असं भांडल्यासारखं बोलतो, बहुधा जोडीने. नावात ‘घू’ आहे म्हणून प्रत्येक घुबड घुमेल ही अपेक्षा सोडा. रातवा वाटेवर किंवा सड्यावर बसून ‘चुक, चुक, चुक-चुक-चुकर्र’ करतो, फरशीवर टाकलेला टेबल टेनिसचा चेंडू उड्या लहान करत थांबावा तसा. भिंतीवरच्या पालीची ‘चुकचुक’ यापेक्षा बारीक आणि चार-पाच टिचक्यांत संपणारी. शंकेची पाल चुकचुकते ती हीच.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर शेतात ‘डराव-डराव’ सुरू होतं. मोठा बेडूक, नर, या दिवसांत पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो. टॉर्चच्या उजेडात तो क्षणभर खोटाच वाटतो. गोव्यात हे बेडूक खाण्यासाठी पकडले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ही शिकार गुन्हा आहे. म्हणून रात्री टॉर्च घेऊन शेतात जाणार असाल तर आधी शेतमालकाला सांगा, नाहीतर तुम्हालाच बेडूकचोर समजतील. कुठे जास्त बेडूक आहेत ते समाजमाध्यमांवर जागेसकट टाकू नका.

त्याच दिवसांत पाणथळ जागेतून ‘कुवाक-कुवाक’ असा रात्रंदिवस चालणारा गलका येतो. एवढा आवाज करणारा प्राणी केवढा असेल असं वाटतं, आणि बाहेर येते पांढऱ्या छातीची पाणकोंबडी. बंगालीतलं तिचं नाव ‘डाहुक’, ऐकून बघा म्हणजे पटेल.

९. रानातले चार पायांचे

यात थोडक्यात आटोपतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, पण एक-एक भुंक सुटी, काही सेकंदांच्या अंतराने, आणि बराच वेळ. रानात कुत्रा भुंकतोय असं वाटलं तर अंतर मोजा. सांबराची धोक्याची हाक घंटेसारखी ‘ढँक’, एकदाच किंवा दोनदा. कोल्हेकुई एकाने सुरू करायची आणि बाकीच्यांनी उचलायची. चिचुंद्रीची ‘चीं चीं’ घरातच ऐकाल. गव्याला आवाजावरून शिकायचा प्रयत्न करू नका. फुरफुरणं ऐकू आलं म्हणजे तुम्ही नको तितके जवळ आहात. वळून पळू नका, नजर ठेवून हळूहळू मागे सरका.

नावाइतकीच क्रियापदंही कामाची. कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, बेडूक डरावतो, पाल चुकचुकते, मोर केकारव करतो. मोराला ‘केका’ दिली आहे, पण प्रत्यक्षात ती मांजराच्या लांबलेल्या ‘म्यांऊ’सारखी ऐकू येते. पुस्तकातलं अक्षर आणि कानातलं अक्षर जुळलं नाही तर वहीत कानातलं लिहा.

१०. गावातली नावं गोळा करा

दोन-तीन महिन्यांनी कान बसला की हे काम हाती घ्या. पेडणे, सत्तरी, काणकोण इथे एकाच पक्ष्याला वेगवेगळी नावं मिळतात, आणि मराठी-कोकणी एकाच वाक्यात येतात. कावळो, कोगूळ, घुगूम ही सगळीकडची. त्यापलीकडची तुम्हालाच विचारावी लागतील. विचारायची पद्धत मात्र चुकवू नका.

- ‘याला अमुक म्हणतात ना?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणतो. नाव तुम्ही सुचवू नका.
- फोटोही आधी दाखवू नका. रेकॉर्डिंग ऐकवा. शेतात राबलेल्या माणसाने पक्षी कित्येकदा पाहिलेलाच नसतो, ऐकलेला असतो.
- ‘आजी, तो कसा ओरडता तें करून दाखयात’ म्हणा. नाव सांगताना आणि आवाज काढताना माणूस वेगळी अक्षरं वापरतो. दोन्ही लिहा.
- दुसऱ्या घरी, पहिल्याचं नाव न सांगता, तोच प्रश्न. दोन ठिकाणी जुळलं तर नोंद पक्की.
- एक नाव अनेक जातींना असू शकतं. घुगूम म्हटलं की सगळी घुबडं आली. नावापुढे जात लिहायची घाई नको.
- टिटवी आणि घुबड यांच्या ओरडण्याला अपशकुन मानणारी माणसं भेटतील. वाद घालायला आपण गेलेलो नाही. तेही नोंदवा, कारण त्या समजुतीमुळेच त्यांना आवाज इतका नेमका आठवतो.

प्रत्येक नोंदीत एवढं हवं: तारीख, वेळ, गाव आणि तालुका, जमीन कोणती (कुळागर, खाजन म्हणजे खाडीकाठची शेतजमीन, सडा, व्हाळ), अक्षरं किती, १५ सेकंदांत किती वेळा, चढतो की सपाट, शेवट कसा, आणि आवाज जमिनीपासून किती उंचीवरून. पक्षी दिसला का, हो किंवा नाही. नावाचा रकाना सगळ्यात शेवटी. तो आधी भरला की बाकीचे रकाने त्याला जुळवून भरले जातात.

११. रेकॉर्डिंग करताना

मोबाइलचा माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो, ती कड पक्ष्याकडे धरा. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ. तीस सेकंद ते एक मिनिट पुरे, पण मध्ये पाय हलवू नका. वाळलेल्या पानांची चुरचूर पक्ष्यापेक्षा मोठी येते. शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ आणि गाव बोला. फाइलला घरी आल्या आल्या नाव द्या, त्याच दिवशी: ‘करमळी_०६१५_अनोळखी_३अक्षरी’ असं काहीही, फक्त ‘रेकॉर्डिंग ४७’ नको. चांगली फाइल झेनो-कँटो या संकेतस्थळावर टाकता येते. तिथे जगभरचे आवाज ऐकून ताडूनही पाहता येतात.

मुद्रित आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणं मात्र अजिबात नको. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. घरटं सोडून तो तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो. ताडून बघायचंच असेल तर इअरफोन लावा.